जुनं वळणदार अक्षर आणि आपलं आजचं अक्षर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोळच्या पेटीतला एखादा कागद घेऊन कुणीतरी येतं, हलक्या हाताने घडी उलगडतं आणि विचारतं, "एवढं सुंदर कसं लिहायचे हे लोक?" मागोमाग दुसरा प्रश्न येतो, जरा खालच्या आवाजात: "आणि माझंच असं का?" मी मोडी वाचते आणि मोठ्या माणसांना अक्षर शिकवते. वर्गात, फोनवर, पत्रांतून हे दोन प्रश्न आणि त्यांची पिलावळ सतत भेटत असते. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जुन्या कागदांवरचं अक्षर इतकं देखणं का दिसतं?

त्यातल्या सारखेपणामुळे. पेशवेकालीन पत्र हातात आलं की मी आधी मजकूर वाचत नाही, कागद हातभर लांब धरून नुसता बघते. ओळींमधलं अंतर वरपासून खालपर्यंत तेच, अक्षराची उंची तीच, कलही तोच. एकेक अक्षर सुटं काढून पाहिलं तर बऱ्याचदा साधंच असतं. पानभर तेच वळण टिकलेलं असतं म्हणून डोळा निवतो.

आता भिंग घेऊन शाई बघा. माझ्याकडे एक घरगुती पत्र आहे. त्यात 'विनंती'चा वि काळाभोर उमटलाय, पुढचे सहा-सात शब्द हळूहळू फिके होत गेलेत आणि मग पुन्हा एकदम काळाभोर. टाक (लेखणी) दौतीत (शाईच्या भांड्यात) बुडवल्याच्या या खुणा. गंमत अशी की काळं अक्षर जवळजवळ प्रत्येक वेळी शब्दाच्या सुरुवातीलाच आलंय. शाई संपत आल्याचं त्या हाताला शब्द संपायच्या आधी कळत होतं. शिवाय दर सात-आठ शब्दांनी हात कागदावरून उठत होता, दौतीपर्यंत जाऊन येत होता, म्हणजे तेवढा विसावत होता. बॉलपेनने लिहिताना हा विसावा आपोआप मिळत नाही. पानाच्या तळाशी आपलं अक्षर फिसकटतं, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

२. म्हणजे पूर्वी सगळ्यांचंच अक्षर चांगलं असायचं का?

नाही. जपून ठेवलेले बरेचसे कागद कारकून, चिटणीस, फडणीस यांच्या दप्तरांतले आहेत. दिवसभर लिहिणं हाच त्यांचा पेशा होता, त्यामुळे आपण आज जे पाहतो ते बहुतांशी व्यावसायिकांचं अक्षर. अनेक पत्रांत मुख्य मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटची ओळ पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या हातची, म्हणजे स्वदस्तुर, असते. ती ओळ पुष्कळदा ओबडधोबड असते. मला ती ओळही तितकीच प्रिय आहे, पण कित्ता म्हणून ती समोर ठेवू नका.

३. मोडी आणि बाळबोध यांत फरक काय?

बाळबोध म्हणजे आपली देवनागरी. पोथ्या, ग्रंथ, स्तोत्रं तिच्यात लिहीत. मोडी व्यवहाराची लिपी: पत्रं, हिशेब, सनदा, जमिनीचे कागद. यादवांचे मंत्री हेमाडपंत यांनी तेराव्या शतकात मोडी आणली असं परंपरा सांगते. लिपीचे अभ्यासक मात्र ती भरभर लिहिण्याच्या गरजेतून घडत गेली असं मानतात, आणि मलाही तेच पटतं. कुणा एकट्याने बसून बनवलेली लिपी इतकी हाताला सुखाची होत नाही.

मोडी लिहिताना आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला लटकवत जात. टाक शक्यतो उचलायचा नाही. काना देताना अक्षराच्या तळापासूनच वर वळायचं, म्हणजे हात तुटत नाही. वेलांटी एकच, उकार एकच. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. हे सगळं वेगासाठी. मुंबई इलाख्याने १९१७ मध्ये सरकारी कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारली, तरी शाळांत मोडी पुढे काही दशकं शिकवली जात होती. म्हणूनच आज नव्वदीत असलेल्या कुणाकुणाला ती अजून येते. तुमच्या घरात असं माणूस असेल तर आजच त्यांच्यासमोर कागद आणि पेन ठेवा.

४. बोरू, टाक, दौत हे शब्द ऐकलेत. नेमकं काय होतं हे?

बोरू म्हणजे वेळूसारख्या पोकळ काडीची लेखणी. चाकूने तिचं टोक तासायचं, मध्ये चीर द्यायची आणि शेवटी टोकावर एकच तिरका छेद घ्यायचा. त्या छेदावर सगळं अवलंबून. टोक रुंद असल्यामुळे लेखणी एका दिशेला गेली की रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेला गेली की बारीक येते. हात वेगळं काही करत नाही, फक्त धरण्याचा कोन बदलू द्यायचा नाही. देवनागरीचं जाड-बारीक या तिरकेपणातून येतं आणि म्हणूनच इंग्रजी अक्षरासाठी कापलेली निब देवनागरीला तशीच चालत नाही. टाक हा शब्द पूर्वी लेखणीलाच वापरत. पुढे पोलादी निब लावलेल्या दांडीला टाक म्हणू लागले.

दौतीत काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई. काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन, उन्हाने ते उडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षर आज काळंभोर दिसतं ते यामुळे. डिंक मात्र पाण्यात विरघळतो. हे प्रश्न १६ वाचताना लक्षात असू द्या. कागद हातचा, जुन्नरी किंवा दौलताबादी, आणि गुळगुळीत दगडाने घोटलेला, म्हणजे शाई फुटत नाही. बाजारातली शाई नंतर आली. मुंबईच्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची भुकटी आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, तीच पुढची कॅमलिन. त्या गोळ्या पाण्यात विरघळवून दौत भरल्याची आठवण सांगणारी माणसं अजून भेटतात.

५. चांगलं अक्षर कसं काढावं याचे काही जुने लिखित नियम आहेत का?

आहेत आणि ते इतके नेमके आहेत की मी वर्गात दुसरं काही वाचूनच दाखवत नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बाळबोध अक्षर कसं असावं ते तिथे असं सांगितलंय:

वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें ।
कुळकुळीत वळी चालिल्या ढाळें । मुक्तमाळा जैशा ॥

गोल, सरळ आणि सुटसुटीत. हे तीन शब्द पाठ करून ठेवा, निम्मा अभ्यासक्रम त्यांत आला. पुढच्या ओव्यांत तपशील येतात. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत असावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीचे फराटे खालच्या ओळीत शिरू नयेत. आधी पान आखून घ्यावं. भोवती मोकळी जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही.

तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचं राहत नाही, मध्यम आकार ठेवावा, असंही तिथे आहे. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण ही ओवी ऐकून मान डोलावतो. ज्याने स्वतः पानंच्या पानं लिहिली आहेत त्यालाच हे सुचणार.

६. माझं वय बावन्न आहे. आता अक्षर सुधारेल का?

सुधारेल. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण आहे असं त्यांना दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर उमगलं; पुढे प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षर, हेही त्यांनी तिथेच सुचवलं. दुसरं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पहिल्याशी मी आदराने असहमत आहे, कारण साठी ओलांडलेल्यांचं अक्षर बदललेलं मी समोर बसून पाहिलंय.

मोठ्यांची अडचण वेगळी असते. हाताला वळण असतं, पण डोळा आपल्याच अक्षराला सरावलेला असतो, त्यामुळे चूक दिसत नाही. लहान मुलाला हात घडवावा लागतो, मोठ्याला डोळा. रोज पंधरा मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत स्वतःला फरक जाणवू लागतो असा माझा अनुभव आहे. इतरांना दिसायला दोन-तीन महिने लागतात. रविवारी दोन तास बसून हे होत नाही.

७. सुरुवात नेमकी कुठून करू?

एका पानापासून. नेहमीच्या हाताने, नीट काढायचा प्रयत्न न करता एक पान लिहा, तारीख घाला आणि दोन दिवस दृष्टीआड ठेवा. मग ते पान उलटं धरून बघा, डोकं खाली पाय वर. मजकूर वाचता येत नाही, म्हणून डोळा आकाराकडे जातो. काने वेगवेगळ्या दिशांना कललेत का? ओळ उजवीकडे चढते की उतरते? शब्दांमधलं अंतर कमीजास्त आहे का? अक्षरांची उंची? यांतला जो दोष सर्वांत ठळक दिसेल तेवढाच धरा. चारही एकदम धरले की आठवड्याभरात वही बंद पडते.

कशाला हात घालायचा हे सुचत नसेल तर कान्यापासून सुरू करा. देवनागरीत बहुतेक अक्षरांना उभा दंड आहे. च, त, न, म यांना शेवटी, क आणि फ यांना मधोमध. त्यावर शब्दाशब्दातले काने. एका ओळीत वीस-पंचवीस उभ्या रेघा सहज होतात. त्या एकमेकींना समांतर आल्या की पान अर्धं सुधारलं. किंचित तिरप्या असल्या तरी चालतील, पण सगळ्या सारख्याच तिरप्या हव्यात. पहिला आठवडा नुसत्या उभ्या रेघा आणि नुसती वर्तुळं. कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

मग अक्षरं कुटुंबाने घ्या, क-ख-ग-घ या क्रमाने नको. व जमला की ब आणि क त्याच्याच पोटातून निघतात. प जमला की ष आणि फ. ट, ठ, ढ, द यांचा गोलावा एक. र आला की स आणि ख सोपे. दुरेघी वही घ्या, चाररेघी इंग्रजीसाठी असते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुस्तीचं कुठलंही जुनं पान बघा: कित्त्याखालची पहिली ओळ बरी आणि शेवटची सर्वांत वाईट. सरावाने सुधारायला हवं तिथे बिघडतं. का? लिहिणारा दुसऱ्या ओळीपासून कित्ता बघतच नाही, वरची स्वतःचीच ओळ बघतो. प्रत्येक ओळीत मागच्या ओळीच्या चुका उतरतात आणि त्यांत नव्या भर पडतात. यावर माझ्या वर्गात एक साधा उपाय चालतो: पान तळापासून वर लिहीत यायचं. आपली लिहिलेली ओळ हाताखाली झाकली जाते आणि नजर वरच्या कित्त्याकडेच जाते. पंधरा दिवस करून बघा.

८. कोणतं पेन घ्यावं?

सरावासाठी आधी शिसपेन्सिल, मग शाईचं पेन. बॉलपेन दाबावं लागतं. त्या दाबाने बोटं आखडतात आणि गोलावा चपटा होतो. शाईचं पेन टेकवलं की लिहितं. निब मध्यम घ्या. फार बारीक निब कागदाला ओरखडते. महागड्या पेनाने अक्षर सुधारत नाही, पण रोज उघडावंसं वाटेल असं पेन असलं तर वही उघडली जाते, तेवढं खरं. पेन टोकापासून साधारण दोन बोटं वर, अंगठा आणि तर्जनीत धरून मधल्या बोटावर टेकवा. अर्ध्या पानानंतर तर्जनीचं नख पांढरं पडलं असेल तर तुम्ही पेन आवळताय.

९. शिरोरेघ आधी द्यावी, नंतर द्यावी की देऊच नये?

बाळबोध लिहिताना शब्द पूर्ण करून एकच रेघ द्यावी. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ दिली की तुकडे पडतात. आधी रेघ आणि मग अक्षरं ही मोडीची रीत (प्रश्न ३).

रेघ गाळल्याने वेग वाढतो आणि अक्षर नीट असेल तर ते वाईटही दिसत नाही. पण रेघ नसली की भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांतला फरक फक्त डोक्यावरच्या गाठीवर उभा राहतो. ती गाठ तुम्ही ठसठशीत काढत असाल तरच रेघ सोडा. नावं, पत्ते, औषधं आणि कायदेशीर कागद यांत सोडू नका. 'धन' आणि 'घन' यांच्यात तेवढाच तर फरक आहे.

१०. काही ठरावीक अक्षरंच बिघडतात. त्यांचं काय करू?

बहुतेकांची तीच बिघडतात. ख मधला र आणि व सुटे राहिले की तो 'रव' होतो. र ची शेपटी व च्या पायाशी जोडा. ण चे दोन पाय आणि काना यांत सारखी जागा ठेवा. क्ष आणि ज्ञ घाईत काढूच नका.

मराठीची खास अडचण म्हणजे रफार आणि अर्धचंद्रासारखा ऱ्. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिले ज्ञान देतात, दुसरे स्वयंपाक करतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, कान्याच्या टोकाशी द्यायचा. ऱ् ची कोर पुढच्या अक्षराच्या कमरेला लावायची. ही कोर हिंदीत नाही, म्हणून हिंदी पुस्तकांवरून अक्षर गिरवलेल्या मुलांना ती माहीतच नसते. नेपाळीत आहे. आपल्या लिपीचा हा बारकावा हाताने लिहिणाऱ्यांनीच टिकवायचा आहे.

११. शाळेत शिकलेला ल आणि श पुस्तकातल्यापेक्षा वेगळा का दिसतो?

मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, आणि श ला देठ असतो. उत्तरेकडच्या वळणात ल ला सरळ दंड आणि श ला गाठ. मधल्या काळात पाठ्यपुस्तकांतून उत्तरेचं वळण आलं. २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वळण पुन्हा अधिकृत केलं. संगणकावरचे अनेक टंक (फॉन्ट) अजून दुसरंच रूप दाखवतात. हाताने लिहिताना पाकळीचा ल काढा, तो फार गोड दिसतो. एका पानावर दोन्ही रूपं मिसळू नका.

१२. मुलगी पाच वर्षांची आहे. आत्तापासून कित्ता द्यावा का?

पाचव्या वर्षी बोटं अजून घडत असतात. तिला रांगोळी काढू द्या, ठिपके जोडू द्या, कणकेचे आकार करू द्या. पूर्वी धुळपाटीवर काडीने अक्षर काढायला लावत, मग पाटी, मग बोरू आणि कागद. त्या क्रमात शहाणपण होतं: आधी मोठा आकार आणि अख्खा हात, मग बारीक आकार आणि बोटं. धुळीत चुकलं तर हात फिरवला की पुसलं, त्यामुळे भीतीही नाही. घरी ताटात रवा पसरून हे सहज करता येतं.

एक विनंती आहे. खराब अक्षराची शिक्षा म्हणून पानंच्या पानं लिहायला लावू नका. दमलेल्या हाताने गिरवलेली चूकच पक्की होते. मला लहानपणी एका शिक्षकांनी अशीच शंभर ओळींची शिक्षा दिली होती. माझा श त्यानंतर बरीच वर्षं वाकडा राहिला.

सातवं-आठवं वर्ष उलटलं, इतर अभ्यास चांगला आहे, तोंडी उत्तरं छान येतात, पण लिहिताना मूल सतत अडतं, अक्षरं उलटी पडतात, हात लवकर दुखतो, असं असेल तर तो आळस समजू नका. तज्ज्ञांकडून तपासून घ्या. लेखनाची अक्षमता निदानात आली तर महाराष्ट्रात परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

१३. मुलगा डावखुरा आहे. काही वेगळं करावं लागेल का?

हात बदलू नका. उजव्या हाताने लिहिणारे कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे कलवतात, त्याने उजवीकडे कलवावा. पेन टोकापासून जरा जास्त वर धरावं, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि पुसटत नाही. मनगट ओळीच्या खाली ठेवावं, वरून वळवून आणू नये. लवकर सुकणारी शाई. बोरू वापरायचा तर त्याला छेद वेगळ्या कोनात कापून द्या. बाकी सगळं प्रश्न ७ प्रमाणेच.

१४. परीक्षेत तीन तास लिहायचं असतं. चांगलं अक्षर आणि वेग एकत्र कसे जमणार?

मोडी लिहिणाऱ्यांनी हे शतकानुशतकं जमवलं. त्यांची युक्ती हात न उचलण्याची. बाळबोधीतही अक्षर एका ओघात किती येतं ते बघा. अ, म, स हे दोन उचलींत व्हायला हवेत. आकार थोडा लहान ठेवा, पण शब्दांमधलं अंतर कमी करू नका. वाचणाऱ्याला त्रास होतो तो जागेच्या अभावाचा. दुसरं, दौतीची आठवण ठेवा (प्रश्न १). प्रत्येक परिच्छेदानंतर पेन खाली ठेवून बोटं दोन श्वास मोकळी सोडा. तिसऱ्या तासात त्याचं फळ दिसतं.

१५. मोडी शिकायला किती वेळ लागतो आणि कुठे शिकता येते?

मुळाक्षरं आठ-दहा दिवसांत येतात. छापील किंवा टंकातली मोडी महिन्याभरात वाचता येते. खरा कागद वाचायला वर्ष जातं, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही ते होतात. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे फोनवरही सराव करता येतो.

वाचणाऱ्यांची गरज मोठी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, ढीग आहेत, तमिळनाडूत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठ्यांच्या दरबारचे मोडी कागद आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तालुक्यातालुक्यात मोडी जाणणारा माणूस शोधावा लागला. शिकायचं तर वाचनाबरोबर लिहायलाही शिका. लेखणी कुठे वळली असेल हे हाताला कळलं की डोळा अडत नाही.

१६. घरात जुने कागद सापडलेत. काय करू, काय करू नको?

आधी न करायच्या गोष्टी: लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, टाचणी आणि स्टेपल नको, इस्त्री तर नकोच. ओलसर फडका लावू नका, डिंकाची शाई पसरते. घडीवर फाटत असेल तर जबरदस्तीने उलगडू नका.

दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची कोरी वाटणारी बाजूही सोडू नका, तिथे एखादा शेरा किंवा नाव असतं. कागद कुणाकडून आला, कोणत्या पेटीत होता, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. जुने लोक रुमालात बांधून ठेवत तेच हे.

१७. अक्षरं लागली, पण अर्थ लागत नाही. कुठे चुकतंय?

बहुधा कुठेच नाही. जुन्या पत्रांत संक्षेप फार. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'ती.' म्हणजे तीर्थरूप, 'वि. वि.' म्हणजे विनंती विशेष. तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्यातला दिवस; पुढे रमजान, सफर अशी महिन्यांची नावं येतात. वर्ष कधी शकात तर कधी अरबी अंकनामांत. फारसी शब्दही भरपूर: पेस्तर म्हणजे पुढचा, साल मजकूर म्हणजे चालू वर्ष. शेवटी 'बहुत काय लिहिणे' आलं की पत्र संपलं. शिवकालीन पत्रांत अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा असते, तिच्यापुढे कुणी मजकूर वाढवू नये म्हणून.

१८. अक्षरावरून स्वभाव ओळखता येतो का?

शास्त्रीय चाचण्यांत हे टिकलेलं नाही. अक्षरावरून माणूस ओळखता येतो, म्हणजे दोन कागद एकाच हातचे आहेत का ते सांगता येतं, आणि बनावट सनदा त्यामुळे उघड पडतात. स्वभाव ओळखणं ही फार वेगळी गोष्ट. अक्षर बघून नोकरी किंवा स्थळ नाकारू नका.

१९. वडिलांचं अक्षर अलीकडे बारीक होत चाललंय. सराव द्यावा का?

आधी डॉक्टरांना दाखवा. वयानुसार थोडा थरथराट येतो, चष्म्याचा नंबर बदलतो. पण ओळीच्या शेवटाकडे अक्षर लहान लहान होत जाणं हे पार्किन्सन्सचं लक्षण असू शकतं. दाखवायला जाताना त्यांची दोन-तीन वर्षांपूर्वीची वही किंवा जुना धनादेश सोबत न्या, तुलना करता येते. सराव नंतर, डॉक्टर सांगतील तसा. रुंद ओळींची वही त्यांना सोपी जाईल.

२०. आजी गेली. तिच्यासारखंच अक्षर मला काढायचं आहे. जमेल का?

हा प्रश्न वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एखादं पोस्टकार्ड किंवा लोणच्याच्या मसाल्याची चिठ्ठी असते. जमतं, बऱ्याच अंशी. तिच्या चिठ्ठ्यांतून प्रत्येक अक्षराचे तीन-तीन नमुने शोधा आणि फोटो मोठे करून छापून घ्या. मूळ कागद गिरवू नका. ती र कुठून सुरू करायची, वेलांटी कुठे टेकवायची, उकाराला शेपटी लांब ठेवायची की नाही, हे आधी नुसतं बघा. मग पारदर्शक कागद ठेवून गिरवा, तिच्या वेगाने. म्हातारी माणसं सावकाश लिहितात, त्यामुळे तुमचाही हात आपोआप सावकाश होईल. एखादं अक्षर कुठेच सापडलं नाही तर प्रश्न ७ मधली कुटुंबं बघा. तिचा ब असेल तर तिचा क त्यावरून काढता येतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी आजीच्या चिठ्ठीतल्या 'मेथी', 'हिंग', 'मोहरी' या शब्दांवरून सुरुवात केली. आठ महिन्यांनी त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांवर त्या अक्षरात नावं लिहिली. चिठ्ठीत 'ज्ञ' नव्हता, डब्यांना तो लागलाही नाही.